एकास दहा म्हणजे नेमके किती?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरासाठी आम्ही प्रयोगशाळेतील रोजच्या आकडेमोडीविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची निघाली : कपाटातल्या तीव्र स्टॉक द्रावणापासून हव्या त्या संहतीचे (तीव्रतेचे) विरल द्रावण कसे करावे. ती वाचताना असे जाणवले की गुणाकार-भागाकार बहुतेकांना उत्तम येतो. अडते ते शब्दांपाशी आणि बाटलीवरच्या लेबलापाशी. म्हणून उत्तरे देताना सूत्रापेक्षा शब्दांची फोड करण्यावर अधिक भर दिला आहे.

प्रश्न : मी शिवाजीनगरच्या एका महाविद्यालयात टी.वाय.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. मातीच्या नमुन्यातील जिवाणूंची गणना करण्यासाठी आम्हांला १:१० अशा सहा पायऱ्यांची मालिका करायची होती. बाईंनी १ मिलिलिटर नमुना आणि ९ मिलिलिटर सलाइन असे सांगितले. माझ्याकडच्या नोट्समध्ये मात्र १ मिलिलिटर आणि १० मिलिलिटर असे आहे. यांतले बरोबर कोणते, आणि एवढ्याशा फरकाने असे काय बिघडते?

उत्तर : तुमच्या बाईंचे बरोबर आहे. तरीही नोट्स लिहिणाऱ्याची चूक कुठून आली हे पाहण्यासारखे आहे, कारण ती चूक गणितातली नसून बोलण्याच्या सवयीतली आहे. बांधकामावरचा मिस्त्री ‘एकास सहा माल’ म्हणतो तेव्हा त्याला एक घमेले सिमेंट आणि सहा घमेली वाळू अभिप्रेत असते. एकूण घमेली सात होतात. कोकम आगळाच्या बाटलीवर ‘एकास पाच’ लिहिलेले असेल तर आपण एक वाटी आगळात पाच वाट्या पाणी घालतो आणि सहा वाट्या सरबत होते. व्यवहारातले ‘एकास अमुक’ हे असे भागास भाग असते. प्रयोगशाळेत ‘१:१० विरलीकरण’ म्हणतात तेव्हा दुसरा आकडा घातलेल्या पाण्याचा नसून तयार झालेल्या एकूण द्रावणाचा असतो. एक भाग नमुना, एकूण दहा भाग द्रावण. म्हणजे पाणी किंवा सलाइन नऊ भाग. ‘दहापट विरल करा’ आणि ‘दहापट पाणी घाला’ ही दोन वाक्ये कानाला सारखी वाटतात, पण पहिल्यात एकूण दहा भाग होतात आणि दुसऱ्यात अकरा.

आता फरक किती पडतो ते पाहा. प्रत्येक पायरीला १ आणि ९ घेतले तर सहा पायऱ्यांनंतर नमुना दहाचा सहावा घात, म्हणजे १०,००,००० पट विरल होतो. १ आणि १० घेतले तर प्रत्येक पायरीला तो अकरा पट विरल होतो आणि सहा पायऱ्यांनंतर ही संख्या १७,७१,५६१ भरते. समजा शेवटच्या नळीतून ०.१ मिलिलिटर घेऊन प्लेटवर पसरले आणि १०० वसाहती उगवल्या (एक वसाहत एका जिवाणूपासून वाढली असे धरतात). नोट्सप्रमाणे द्रावणे करून, हिशेबात मात्र दहाचा सहावा घात धरला, तर तुम्ही दर मिलिलिटरला १०० कोटी जिवाणू लिहाल. प्रत्यक्षात ते सुमारे १७७ कोटी असतील. एका पायरीत जी चूक नऊ-दहा टक्क्यांची म्हणून सोडून द्यावीशी वाटते, ती सहाव्या पायरीला गणना जवळपास निम्म्यावर आणून ठेवते. मालिकेत चुकांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

त्याच कारणाने प्रत्येक पायरीला पिपेट किंवा टिप बदलणे आणि नळी नीट ढवळून मगच पुढचा १ मिलिलिटर उचलणे, या दोन गोष्टींची घाई करू नये. टिपेच्या आतल्या भिंतीला आधीच्या दहापट दाट द्रावणाचा थेंब चिकटलेला असतो आणि तो पुढच्या नळीत उतरला की ती नळी अपेक्षेपेक्षा दाट होते. जर्नलमध्ये लिहिताना ‘१:१०’ एवढेच न लिहिता ‘१ मिलिलिटर नमुना अधिक ९ मिलिलिटर सलाइन’ असे लिहावे. परीक्षकालाही शंका उरत नाही आणि सहा महिन्यांनी वही उघडणाऱ्या स्वतःलाही नाही.

प्रश्न : मी एका कनिष्ठ महाविद्यालयात लॅब असिस्टंट आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी मला २ लिटर ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल करावे लागते. पूर्वीचे सहकारी ‘लिटरला पावणेतीन मिलिलिटर’ असा आकडा सांगून गेले आणि मी तेवढेच घेतो. हा आकडा कुठून आला, आणि तो दरवेळी चालतो का?

उत्तर : आकडा बरोबर आहे, आणि तो कुठून आला हे विचारणारे लॅब असिस्टंट सर्वच महाविद्यालयांना लाभोत. बाटलीच्या लेबलावर मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल; रेणुभाराइतके ग्रॅम म्हणजे एक मोल) किंवा नॉर्मॅलिटी (लिटरमागे किती इक्विव्हॅलंट, म्हणजे आम्लधर्मी हायड्रोजनचे किती मोल) बहुधा छापलेली नसते. तिथे असतात ते दोन आकडे : वजनी टक्केवारी ९८ आणि घनता १.८४. यांवरून बाटलीतली संहती आपणच काढायची असते. एक लिटर आम्लाचे वजन १८४० ग्रॅम. त्यातले ९८ टक्के, म्हणजे सुमारे १८०३ ग्रॅम, शुद्ध आम्ल. रेणुभार ९८.०८ असल्याने हे १८.४ मोल झाले आणि सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूत दोन आम्लधर्मी हायड्रोजन असल्याने नॉर्मॅलिटी त्याच्या दुप्पट, ३६.८. तुम्हांला लागणार ते २ लिटर गुणिले ०.१, म्हणजे ०.२ इक्विव्हॅलंट. ०.२ भागिले ३६.८ केले की ०.००५४३ लिटर मिळतात. म्हणजे सुमारे ५.४ मिलिलिटर. लिटरला २.७ मिलिलिटर, अर्थात तुमचे ‘पावणेतीन’.

ज्या सूत्राला विद्यार्थी ‘सी-वन व्ही-वन’ म्हणतात, त्यात याहून वेगळे काही नाही. पाणी घातल्याने द्रावणाचे आकारमान वाढते, परंतु त्यातील द्राव्याची मात्रा बदलत नाही. संहती गुणिले आकारमान ही मात्रा आधी जेवढी, तेवढीच नंतर. हे एक वाक्य ज्याच्या मनात पक्के बसले त्याला सूत्र विसरले तरी चालते. ज्याने केवळ सूत्र पाठ केले तो एका बाजूला नॉर्मॅलिटी आणि दुसऱ्या बाजूला मोलॅरिटी घालून सल्फ्युरिक आम्ल दुप्पट किंवा निम्मे करून बसतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

दरवेळी चालतो का, याचे उत्तर असे की अंदाजापुरता चालतो. वारंवार उघडलेल्या बाटलीतले सल्फ्युरिक आम्ल हवेतली ओल शोषून घेते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे याच्या उलट आहे : त्याच्या बाटलीवर ३५ ते ३८ टक्के असे लिहिलेले आढळते आणि झाकण उघडताच त्यातून वायू निघून जाऊ लागतो. ३७ टक्के आणि १.१८ घनता धरली तर ते सुमारे १२ मोलर येते. त्याच घनतेला ३५ टक्के धरले तर सुमारे ११.३ मोलर. त्यामुळे या आम्लांची द्रावणे हिशेबाने जवळपास नेऊन ठेवायची आणि नेमकी संहती टायट्रेशनने, म्हणजे ठाऊक संहतीच्या द्रावणाशी पडताळून, काढायची, हाच रिवाज आहे. निर्जल सोडियम कार्बोनेट तापवून कोरडे करावे, ५.३ ग्रॅम नेमके तोलून १ लिटर ०.१ नॉर्मल द्रावण करावे आणि मिथिल ऑरेंज हा रंग बदलणारा दर्शक वापरून त्यासमोर आपले आम्ल तपासावे. एकदा हे करायचेच आहे म्हटल्यावर ते ५.४ मिलिलिटर साध्या मेझरिंग सिलिंडरने मोजले तरी पुरते. संहत आम्ल तोंडाने पिपेटमध्ये ओढण्याचा प्रकार जुन्या लोकांकडून आजही ऐकू येतो. त्याविषयी ‘करू नये’ यापलीकडे चर्चा संभवत नाही.

आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात नव्हे, हे तुम्हांला ठाऊकच असेल. कारण एवढेच की आम्ल पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असल्याने वरून ओतलेले पाणी त्याच्यावर तरंगत राहते, दोन्ही मिळतात त्या पातळ थरात सगळी उष्णता एकवटते आणि पाणी तिथल्या तिथे उकळून आम्लासकट उडते. दोन लिटरमध्ये पाच मिलिलिटर आम्ल पडले तर द्रावण जेमतेम अंशभर तापेल. पण ज्या दिवशी २ नॉर्मल करायला घ्याल त्या दिवशी सावध राहा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी १ लिटर २ नॉर्मल आम्ल केले, फ्लास्क तळहाताला चांगला कोमट लागत असताना मार्कपर्यंत, म्हणजे मानेवरच्या खुणेपर्यंत, पाणी भरले, बूच लावले आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो मेनिस्कस, म्हणजे द्रवाची वक्र पातळी, मार्कच्या चांगला बोटभर खाली. द्रावण निवले तसे आकसले होते. मी पुन्हा मार्कपर्यंत पाणी भरले आणि हे मी कोणालाही सांगितले नाही. योग्य रीत अशी की आम्ल बीकरमधल्या पाण्यात विरल करावे, बीकर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि नंतरच द्रावण फ्लास्कमध्ये ओतून, बीकर दोन-तीनदा विसळून ते पाणीही फ्लास्कमध्ये घेऊन, मार्कपर्यंत भरावे. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश सेल्सिअस असा आकडा छापलेला असतो तोही पाहावा. मे महिन्यातल्या दुपारी पुण्यात ३८ अंशाला भरलेले लिटरभर पाणी २७ अंशाला आणले तर सुमारे साडेतीन मिलिलिटरने कमी भरते. बारावीच्या प्रॅक्टिकलला याने काही बिघडत नाही. अचूक मानक द्रावण करणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावे.

प्रश्न : हडपसरमधील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. ऊतकाचे नमुने ठेवण्यासाठी १० टक्के फॉर्मॅलिन लागते. बाटलीवर ३७ टक्के लिहिलेले असल्याने मी हिशेब करून लिटरला २७० मिलिलिटर घेतले. डॉक्टर म्हणाले की हे फारच उग्र झाले आहे. माझा हिशेब कुठे चुकला? तसेच जंतुनाशक म्हणून वापरायच्या ५ टक्के हायपोक्लोराइटपासून १ टक्का करताना पाणी किती घालावे?

उत्तर : तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे आणि उत्तर चूक आहे. हा दोष तुमचा कमी आणि नाव ठेवणाऱ्यांचा जास्त. ३७ टक्के हा आकडा फॉर्माल्डिहाइड वायूचा आहे. तो वायू पाण्यात जवळजवळ मावेल तितका विरघळवून जे द्रावण बाटलीत येते, त्या अख्ख्या द्रावणाला ‘फॉर्मॅलिन’ म्हणतात. म्हणजे बाटलीत जे आहे ते १०० टक्के फॉर्मॅलिन आणि ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड, दोन्ही एकाच वेळी. १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे त्या बाटलीतले १०० मिलिलिटर आणि एकूण लिटर होईपर्यंत पाणी. त्यात फॉर्माल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपासच असते. तुम्ही १० टक्के फॉर्माल्डिहाइड केलेत, म्हणजे हवे त्याच्या २.७ पट. डॉक्टरांच्या डोळ्यांना ते झोंबले यात नवल नाही, आणि फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक पदार्थांत मोडत असल्याने ही उग्रता केवळ गैरसोयीची बाब नाही. उदासीन बफर (आम्लता स्थिर राखणारे) फॉर्मॅलिन करत असाल तर लिटरमागे सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घालतात. तात्पर्य, टक्केवारी वाचली की आधी ‘टक्के कशाचे?’ असे विचारावे.

हायपोक्लोराइटचे सोपे आहे : २०० मिलिलिटर द्रावण आणि ८०० मिलिलिटर पाणी, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत एकास चार आणि प्रयोगशाळेच्या भाषेत १:५. मात्र बाटलीवर ‘४ ते ६ टक्के’ असे लिहिलेले असेल तर हिशेब ४ ने करावा आणि लिटरला २५० मिलिलिटर घ्यावे. उजेडात आणि उन्हाळ्यात त्याची तीव्रता भराभर उतरते, त्यामुळे विरल केलेले द्रावण रोजच्या रोज नवे करावे आणि जुने कोणत्याही आम्लाच्या जवळ फिरकू देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : पाषाण भागातील एका संशोधन प्रयोगशाळेत मी नुकताच प्रकल्पासाठी रुजू झालो आहे. माझ्याकडे एका संयुगाचा डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) या द्रावकातला १० मिलिमोलर स्टॉक आहे. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खाचेत पेशी वाढवण्याचे २०० मायक्रोलिटर माध्यम असून त्यात संयुगाची संहती ५ मायक्रोमोलर हवी आहे. हिशेबाने ०.१ मायक्रोलिटर येते. एवढे कसे घ्यावे? शिवाय आमच्याकडे बफरच्या बाटल्यांवर ‘१० एक्स’, ‘५० एक्स’ असे असते, त्याचाही उलगडा करावा.

उत्तर : एवढे घेऊच नये. सर्वांत लहान मायक्रोपिपेटही बहुधा ०.२ मायक्रोलिटरपासून सुरू होते आणि कोणत्याही पिपेटच्या तळच्या टोकाला तिची शेकडा चूक सर्वाधिक असते. त्यात डीएमएसओ पाण्यापेक्षा चिकट आहे. तो टिपेच्या बाहेरच्या अंगालाही लागून येतो. अशा वेळी मधली एक पायरी करावी. १० मायक्रोलिटर स्टॉक ९९० मायक्रोलिटर माध्यमात घातला की शंभरपट विरल, म्हणजे १०० मायक्रोमोलर द्रावण मिळेल. त्यातले १० मायक्रोलिटर प्रत्येक खाचेतल्या १९० मायक्रोलिटर माध्यमात घातले की वीसपट विरल होऊन ५ मायक्रोमोलर येईल. एकूण दोन हजार पट. १० मिलिमोलर म्हणजे १०,००० मायक्रोमोलर, भागिले २,०००, बरोबर ५. मिलि आणि मायक्रो यांच्यामधला हजाराचा गुणक आधी उरकून घ्यावा आणि नंतरच भागाकाराला हात घालावा, म्हणजे शून्ये हरवत नाहीत.

मधले द्रावण केल्यावर ते उजेडासमोर धरून पाहायला विसरू नका. डीएमएसओत सुखाने विरघळलेली संयुगे पाणी दिसताच गढूळ होऊन खाली बसतात, आणि तसे झाले तर कागदावरचे १०० मायक्रोमोलर कागदावरच राहते. दुसरे असे की या रीतीने प्रत्येक खाचेत ०.०५ टक्के डीएमएसओ जातो. ज्या खाचांत संयुग नाही अशा नियंत्रण खाचांतही तेवढाच घाला; अन्यथा पेशींवर दिसलेला परिणाम संयुगाचा की द्रावकाचा हे सांगता येणार नाही.

‘एक्स’ म्हणजे पट. वापरायच्या संहतीला १ एक्स म्हणायचे आणि ५० एक्स म्हणजे त्याच्या पन्नासपट दाट. म्हणून २० मिलिलिटर घेऊन एकूण १ लिटर करायचे. गंमत म्हणजे होमिओपॅथीच्या बाटलीवरचा ‘६ एक्स’ नेमका उलट अर्थाचा असतो : तिथे दहापट विरलीकरण सहा वेळा केलेले असते. अक्षर एकच, एकीकडे दाट किती ते सांगते, दुसरीकडे विरल किती ते.

प्रश्न : २०२० साली सोसायटीसाठी आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीप्रमाणे सॅनिटायझर केला होता. त्यात १० लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर आणि ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर असे आकडे होते. ८३३३ हा विचित्र आकडा कशामुळे? आणि पाणी १० लिटरपर्यंत भरा, असे म्हणण्याऐवजी सरळ पाण्याचे माप का दिले नाही? (कोथरूड येथील एक ज्येष्ठ नागरिक)

उत्तर : अंतिम इथेनॉल ८० टक्के हवे होते. दहा लिटरच्या ८० टक्के म्हणजे ८००० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल. बाटलीत ते ९६ टक्के असल्याने ८००० भागिले ०.९६, बरोबर ८३३३. पेरॉक्साइडचेही तसेच आहे : ४१७ मिलिलिटरचे ३ टक्के म्हणजे साडेबारा मिलिलिटर, दहा लिटरमध्ये ०.१२५ टक्के.

आपला दुसरा प्रश्न अधिक मार्मिक आहे. तिन्ही मापांची बेरीज ८८९५ होते, तेव्हा पाणी ११०५ मिलिलिटर असे लिहायला काय हरकत होती? हरकत अशी की मद्यार्क आणि पाणी मिसळले की त्यांच्या आकारमानांची सरळ बेरीज होत नाही. ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले तर १०० नव्हे, सुमारे ९६ ते ९७ मिलिलिटर भरतात. मोजून ११०५ मिलिलिटर पाणी घातले असते तर पिंपातली पातळी १० लिटरच्या खुणेखाली राहिली असती. ‘इतके पाणी घाला’ आणि ‘इतके होईपर्यंत पाणी घाला’ यांत हाच फरक आहे. अत्यंत विरल द्रावणांत तो दिसत नाही म्हणून सवय लागत नाही, आणि मद्यार्काशी गाठ पडली की उघडा पडतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या वेळी अंकगणितात मिश्रणाची उदाहरणे असत. दोन वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे मिसळून मधली तीव्रता काढायला ती रीत चालेल का?

उत्तर : चालेल, आणि पाणी घालून विरल करणे हा तिचाच एक प्रकार आहे, तिथे दुसऱ्या द्रावणाची तीव्रता शून्य असते एवढेच. डेअरीत आजही फॅट अशीच जुळवता येते. ६.५ फॅटचे म्हशीचे दूध आणि ३.५ फॅटचे गाईचे दूध यांपासून ४.५ फॅटचे दूध हवे असेल तर तिरप्या वजाबाक्या कराव्यात : ४.५ मधून ३.५ गेले १, म्हणून म्हशीचे दूध एक भाग, ६.५ मधून ४.५ गेले २, म्हणून गाईचे दोन भाग. द्रावणांच्या बाबतीत टक्केवारी वजनी असेल आणि भागही वजनाने घेतले तर उत्तर तंतोतंत येते. ९६ टक्के आणि ४० टक्के मद्यार्क मिसळून ७० टक्के करायचा असेल तर ३० भाग आणि २६ भाग येतात; मात्र ते मापाने घेतले तर वरच्या उत्तरात सांगितलेल्या आकसण्यामुळे किंचित फरक राहील, टक्केवारी वजनी धरून तराजूवर घेतले तर राहणार नाही.